लंडनमध्ये बिऱ्हाड: घर शोधण्याआधी उपनगर कसं ठरवायचं

लंडनमध्ये नोकरी मिळाली की पहिल्याच संध्याकाळी घरात दोन प्रश्न निघतात: राहायचं कुठे आणि मुलांच्या शाळेचं काय? मग भाड्याच्या घरांच्या साइट उघडल्या जातात. फोटो आवडतो, भाडं बजेटात बसतं, ओळखीचं कुणी त्याच भागात असतं आणि घर ठरतं. पुढे कळतं की समोरच्या शाळेत थोरलीच्या वर्गात जागा नाही, धाकट्याला मिळालेली शाळा बसने चाळीस मिनिटांवर आहे आणि ऑफिसला जाताना दोनदा गाडी बदलावी लागते. यातली प्रत्येक गोष्ट घर घेण्याआधी तपासता आली असती.

हा विषय आत्ता पुन्हा समजून घ्यायला हवा, कारण इंग्लंडमधला भाड्याच्या घरांचा कायदा बदलला आहे. रेंटर्स राइट्स ॲक्ट 2025 मधल्या भाडेकरारासंबंधीच्या मुख्य तरतुदी 1 मे 2026 पासून लागू होतात. आधी गेलेल्या नातेवाइकांनी दिलेले काही सल्ले, उदाहरणार्थ 'सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा, घर लगेच मिळतं', आता चालत नाहीत. त्याबद्दल पुढे येईलच. आधी शहराची रचना.

बरो, पोस्टकोड आणि झोन: तीन वेगळे नकाशे

लंडन 32 बरो आणि मधलं छोटं 'सिटी ऑफ लंडन' मिळून बनतं. बरो म्हणजे स्वतःची कौन्सिल (आपल्या नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था) असलेला विभाग. मुंबईतल्या वॉर्डासारखा वाटतो, पण त्याचे अधिकार कितीतरी जास्त असतात. कौन्सिल टॅक्स (राहत्या घरावरचा स्थानिक कर), शाळाप्रवेशाचा कारभार, कचरा, गाडी लावायचा परवाना, वाचनालयं हे सगळं बरोकडे असतं.

दुसरा नकाशा पोस्टकोडचा. तो टपालासाठी आखलेला आहे आणि बरोच्या हद्दी पाळत नाही. 'एचए'ने सुरू होणारा पोस्टकोड पाहून बरेच जण 'हॅरो' समजतात. पण एचए 9 म्हणजे वेम्बली, ते ब्रेंट बरोत येतं, आणि एचए 4 म्हणजे राइस्लिप, ते हिलिंग्डनमध्ये. त्यामुळे जाहिरातीतल्या गावाच्या नावावर विसंबू नका. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की कौन्सिल कोणती ते दिसतं.

तिसरा नकाशा रेल्वेभाड्याच्या झोनचा. मध्यभागी झोन 1 आणि बाहेर जाता जाता झोन 6. ईलिंग ब्रॉडवे तिसऱ्या झोनमध्ये, इलफर्ड चौथ्यात, हॅरो-ऑन-द-हिल आणि ईस्ट क्रॉयडन पाचव्यात. झोनवरून तिकीट किती पडेल ते कळतं, वेळ किती लागेल ते मात्र कळत नाही. पाचव्या झोनमधल्या ईस्ट क्रॉयडनहून लंडन ब्रिजला जलद गाडी पंधरा मिनिटांच्या आसपास पोहोचते. तिसऱ्या झोनमधल्या एखाद्या घरातून बस आणि ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) करत तिथेच पाऊण तास जाऊ शकतो.

ऑफिसला कोणती लाइन जाते?

मुंबईत ज्याने मुलुंडला राहून मालाडला नोकरी केली आहे, त्याला हा मुद्दा वेगळा समजावायला नको. नकाशावर अंतर थोडं, पण सेंट्रलवरून वेस्टर्नला जायचं म्हणजे रोजची कसरत. लंडनची बहुतेक रेल्वेही बाहेरून मध्यभागाकडे येते. एका उपनगरातून शेजारच्या उपनगरात आडवं जायला बहुतेक वेळा बसच असते.

म्हणून ऑफिसचं स्टेशन मध्यभागी धरा आणि तिथून एका गाडीत, फार तर एकदा गाडी बदलून, कुठे कुठे पोहोचता येतं ते पाहा. कॅनरी वॉर्फचं उदाहरण घेऊ, कारण बँका आणि आयटीतली बरीच माणसं तिथे जातात. हॅरो बरोत राहायची इच्छा असेल तर मेट्रोपॉलिटन लाइनवरच्या हॅरो-ऑन-द-हिलपेक्षा ज्युबिली लाइनवरची स्टॅनमोर, कॅनन्स पार्क, क्वीन्सबरी ही स्टेशनं सोयीची, कारण तिथून कॅनरी वॉर्फला थेट गाडी आहे. 2022 च्या मे महिन्यात सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनने पूर्वेचा हिशोबही बदलला. तिला पूर्वेकडे दोन फाटे आहेत: वुलिच आणि ॲबी वुडचा फाटा कॅनरी वॉर्फवरून जातो, तर इलफर्ड, सेव्हन किंग्ज, रॉमफर्डचा फाटा शेनफील्डला जातो आणि कॅनरी वॉर्फला लागतच नाही. इलफर्डकरांना व्हाइटचॅपलला गाडी बदलावी लागते. जाहिरातीत 'एलिझाबेथ लाइन पाच मिनिटांवर' एवढंच छापलेलं असतं.

प्रवासाची वेळ तपासताना ॲपमध्ये मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेआठला ऑफिसला पोहोचायचं आहे असं टाका. रविवारी दुपारी दाखवलेली वेळ उपयोगाची नाही. घराच्या दारापासून स्टेशनपर्यंतची पायपीट धरा. पंधरा मिनिटांच्या वर गेली तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, अंधारात आणि पावसात, ती रोज जाणवते.

हायब्रिड काम असेल तर महिन्याचा पास काढायची घाई करू नका. झोन 1 ते 6 चा पास महिन्याला तीनशे पौंडांच्या वर जातो. बँकेचं कार्ड टेकवून प्रवास केला तर दिवसाची आणि सोमवार ते रविवार अशी आठवड्याची कमाल मर्यादा आपोआप लागते. दोन-तीन दिवस जाणाऱ्याला तेच स्वस्त पडतं. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबने फुकट जातात.

शाळा: पंगत बसून गेल्यावर आलेला पाहुणा

कुटुंबासाठी सगळ्यात अवघड भाग हाच आणि सगळ्यात कमी वेळ दिला जातो तोही यालाच.

आधी वर्ग ओळखा. इंग्लंडमध्ये 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट या काळात जन्मलेली मुलं एका वर्गात असतात. चार वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या सप्टेंबरात मूल 'रिसेप्शन'मध्ये जातं, मग इयर 1, इयर 2 असं पुढे. 20 ऑगस्ट 2019 ला जन्मलेलं मूल सप्टेंबर 2026 मध्ये इयर 3 मध्ये बसेल आणि 5 सप्टेंबर 2019 चं मूल इयर 2 मध्ये. जन्मतारखेत सोळा दिवसांचा फरक आणि वर्ग वेगळा. महाराष्ट्रातल्या इयत्तेत साधारण एक मिळवला की तिकडचा आकडा येतो: आपली नववी म्हणजे इयर 10. वर्ग वयावरून ठरतो, आपल्याकडच्या मार्कांवरून नाही.

सरकारी शाळा फुकट आहेत आणि आई-वडिलांच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेल्या मुलांना तिथे प्रवेश मिळतो. नावांनी मात्र गोंधळू नका: 'पब्लिक स्कूल' म्हणजे भरमसाट फीची जुनी खासगी शाळा. सरकारी शाळेला 'स्टेट स्कूल' म्हणतात.

आता प्रवेश. नियमित फेरीत रिसेप्शनचा अर्ज 15 जानेवारीपर्यंत आणि इयर 7 चा अर्ज आदल्या वर्षीच्या 31 ऑक्टोबरपर्यंत करायचा असतो. निकाल अनुक्रमे 16 एप्रिलला आणि 1 मार्चला लागतात. भारतातून येणारं बहुतेक प्रत्येक कुटुंब ही फेरी संपल्यावर पोहोचतं. मग जो अर्ज करायचा त्याला 'इन-इयर' प्रवेश म्हणतात.

लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. रिसेप्शन, इयर 1 आणि इयर 2 च्या वर्गात एका शिक्षकामागे कायद्याने 30 मुलं, म्हणजे 30 पानं. पंगत सप्टेंबरात बसून गेली आहे. तुम्ही डिसेंबरात आलात तर कुणी उठलं असेल तरच पान मिळणार, मग तुम्ही मांडवाला खेटून का राहत असेना. शाळेजवळच्या घराला महत्त्व आहे ते नियमित फेरीत आणि प्रतीक्षायादीत. वर्षाच्या मध्यावर आधी पाहायची ती रिकामी जागा.

प्रतीक्षायादीचा एक नियम आपल्या लोकांना हमखास चकवतो. ती अर्जाच्या तारखेप्रमाणे लागत नाही, शाळेच्या निकषांप्रमाणे लागते: सर्वसाधारणपणे आधी कौन्सिलच्या देखभालीखालची मुलं, मग आधीच त्या शाळेत असलेल्यांची भावंडं, मग अंतर, जे बरेचदा सरळ रेषेत मोजतात. तुमच्यानंतर महिन्याने अर्ज केलेलं, पण शाळेच्या अधिक जवळ राहणारं मूल तुमच्या पुढे जातं. यादीत पहिला असलेला मुलगा पुढच्या आठवड्यात तिसरा होऊ शकतो, आणि त्यात कुणी लबाडी केलेली नसते.

मग करायचं काय? दोन-तीन बरो पक्के झाले की प्रत्येक कौन्सिलच्या शाळाप्रवेश विभागाला ईमेल करा: अमुक वर्गात या पोस्टकोडच्या आसपास सध्या कुठे जागा आहेत? दोन मुलं असतील तर दोन्ही वर्गांचं विचारा. अनेक कौन्सिलं पत्त्याच्या पुराव्याशिवाय परदेशातून केलेला अर्ज घेत नाहीत, पण रिकाम्या जागांची चौकशी करायला पत्ता लागत नाही. उत्तर आलं की नकाशावर त्या शाळांवर खुणा करा आणि त्यांच्या आसपास घर शोधा. अर्ज केल्यावर 15 शालेय दिवसांच्या आत निर्णय कळवणं बंधनकारक आहे. नकार आला तर अपील करता येतं, पण 30 च्या मर्यादेच्या वर्गांत ते क्वचितच टिकतं.

प्राथमिकच्या बाबतीत सध्या परिस्थिती तशी बरी आहे. जन्मदर उतरल्यामुळे लंडनच्या, विशेषतः आतल्या बरोंच्या, प्राथमिक शाळांत मुलं कमी झाली आहेत. अडचण वर आहे. इयर 10 आणि 11 मिळून दोन वर्षांचा जीसीएसई अभ्यासक्रम असतो. म्हणजे तिकडची दहावी. विषय आधीच निवडलेले असतात, परीक्षा मंडळ शाळेगणिक वेगळं असतं, म्हणून मधूनच आलेल्या मुलाला शाळा मिळाली तरी विषय जुळतीलच असं नाही. मूल आपल्या आठवीत असेल तर निघण्याची तारीख अशी ठरवा की इयर 10 सुरू होण्याआधी, सप्टेंबरच्या आत, तिथे पोहोचाल. नोकरी दोन महिने पुढे ढकलता येत असेल तर यासाठी ढकलण्यासारखी आहे.

'ग्रामर स्कूलच्या भागातच घर घेतलं तर?'

ग्रामर स्कूल म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा. सटन, किंग्स्टन, बार्नेट, रेडब्रिज, बेक्सली या बरोंत आणि लंडनबाहेर स्लाउमध्ये त्या आहेत. प्रवेशपरीक्षा इयर 6 च्या सुरुवातीला, बहुतेक सप्टेंबरात होते आणि तिची नोंदणी त्याआधीच्या उन्हाळ्यात बंद होते. मूल इयर 4 किंवा 5 मध्ये असेल तर या भागांचा विचार करण्यात अर्थ आहे. इयर 8 मध्ये असेल तर त्यासाठी जास्त भाडं भरू नका. मधल्या वर्गात जागा क्वचित निघते आणि तिलाही परीक्षा असते. आणि काही ग्रामर शाळा अंतराची अट फारशी पाहत नाहीत, त्यामुळे शेजारी राहून काही पदरात पडेलच असं नाही. शाळेची प्रवेशनियमावली वाचा.

तपासणी अहवालांबाबत एक बदल: ऑफस्टेड ही सरकारी यंत्रणा पूर्वी शाळेला 'आउटस्टँडिंग', 'गुड' असा एका शब्दाचा शेरा देत असे. सरकारी शाळांसाठी तो सप्टेंबर 2024 पासून बंद झाला. जाहिरातीत अजूनही दिसणारा 'आउटस्टँडिंग' किती वर्षांपूर्वीचा आहे ते पाहा.

भाड्याचा खरा आकडा

भाडं कधी महिन्याचं लिहितात, कधी आठवड्याचं. आठवड्याच्या आकड्याला चारने गुणू नका; 52 ने गुणून 12 ने भागा. आठवड्याला 460 पौंड म्हणजे महिन्याला 1,840 नव्हे, 1,993.

त्यात कौन्सिल टॅक्स मिळवा. तो घरमालक नाही, राहणारा भरतो. घरांचे ए ते एच असे बँड 1991 च्या किमतींवर ठरलेले आहेत, आणि त्याच बँडचा दर बरोगणिक बदलतो. 2025-26 मध्ये डी बँडसाठी वॅन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टरमध्ये वर्षाला साधारण एक हजार पौंड होते, तर किंग्स्टन आणि क्रॉयडनमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. नवरा किंवा बायको आधी एकटी येऊन राहणार असेल तर घरात एकच प्रौढ म्हणून 25 टक्के सूट मिळते. कुटुंब पोहोचलं की कौन्सिलला कळवायचं.

समजा, तिसऱ्या झोनमधलं घर 2,200 पौंडांचं आहे आणि सहाव्यातलं 1,900 चं. तीनशे वाचले असं वाटतं. पण दोघंही रोज मध्यभागी जाणार असाल तर दोन पासांच्या फरकातच दोनशेच्या आसपास जातात. उरलेले शंभर कौन्सिल टॅक्सच्या फरकात आणि थंड घराच्या गॅसमध्ये संपू शकतात. घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रावर ए ते जी अशी श्रेणी असते; 'ई'च्या खालचं घर सहसा भाड्याने देता येत नाही, आणि शक्य असेल तर 'सी' शोधा.

धाकटं मूल शाळेच्या वयाआधीचं असेल तर पाळणाघराचा खर्च हा वेगळाच डोंगर आहे. तीन वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या सत्रापासून आठवड्याला 15 तास सगळ्यांना मोफत मिळतात (शाळेच्या 38 आठवड्यांसाठी). नोकरदार पालकांसाठीचे 30 तास मात्र दोघांच्याही व्हिसावर सरकारी निधीतून मदत घ्यायची मनाई असेल तर मिळत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक वर्क व्हिसांवर ती असते.

नव्या कायद्याने काय बदललं

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्याचा तिथला कर्जफेडीचा इतिहास नसतो. म्हणून पूर्वी एजंट सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागत. 1 मे 2026 पासून करार सुरू होण्याआधी एका महिन्यापेक्षा जास्त भाडं मागताही येत नाही आणि स्वीकारताही येत नाही. जाहिरातीतल्या भाड्यावर बोली चढवून घर मिळवणंही बंद. मुलं आहेत म्हणून नकार देणं बेकायदा.

हे भाडेकरूच्या सोयीचं आहे, पण पैसे पुढे करून विश्वास मिळवायची जुनी वाट बंद झाली. आता कागद भक्कम हवेत: पगाराचा आकडा असलेलं नियुक्तिपत्र, बँक स्टेटमेंट, आधीच्या घरमालकाचं पत्र आणि इ-व्हिसाचा शेअर कोड (घरमालकाला तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासता यावा म्हणून द्यायचा कोड). एजंट बहुधा वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या तीसपट आहे का ते पाहतात. 2,000 च्या घराला 60,000. कमी पडलं तर ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार किंवा पैसे घेऊन जामीन राहणारी कंपनी लागते. नोकरी देणाऱ्या काही कंपन्या घर स्वतःच्या नावावर घेऊन देतात. नोकरी स्वीकारतानाच विचारा.

घर राखून ठेवायला जास्तीत जास्त एका आठवड्याचं आणि डिपॉझिट म्हणून पाच आठवड्यांचं भाडं घेता येतं (वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तेव्हा). 2,000 च्या घराला डिपॉझिट 2,307, पहिलं भाडं 2,000, एकूण 4,307 पौंड. डिपॉझिट 30 दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करणं बंधनकारक आहे. घर कुणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एकही पौंड पाठवू नका. 'मी परदेशात आहे, चावी कुरियरने येईल' म्हणणारा घरमालक खोटा असतो.

सगळ्यात मोठा बदल असा की वर्षभराचा बांधील करार गेला. भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो. म्हणजे पहिलं घर जन्माचं असायची गरज नाही. शाळेत मिळालेली जागा घर बदललं म्हणून काढून घेत नाहीत; धाकट्या भावंडाला प्राधान्य राहील का, एवढं मात्र घर बदलण्याआधी तपासा, कारण काही शाळा अंतराची अट घालतात.

'पण आपली माणसं नसतील तर?'

ही काळजी रास्त आहे, विशेषतः ज्याला दिवसभर घरी राहायचं आहे त्याच्यासाठी. वेम्बलीचा ईलिंग रोड, साउथॉल, हाउन्सलो, टूटिंग, ईस्ट हॅमकडची ग्रीन स्ट्रीट इथे ताजी मेथी, कढीपत्ता, पोहे, ज्वारीचं पीठ सहज मिळतं. 2021 च्या जनगणनेत हॅरोच्या लोकसंख्येत हिंदू सुमारे चौथा हिस्सा होते. 1932 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू डॉलिस हिलला आहे, ज्युबिली लाइनवर.

पण मंडळात जायचं ते महिन्यातून एक-दोनदा, आणि किराणा आठवड्यातून एकदा. शाळेत रोज दोनदा जायचं असतं. प्राथमिक शाळेच्या फाटकाशीच बहुतेक आयांच्या आणि बाबांच्या पहिल्या ओळखी होतात, त्यामुळे चालत जाता येईल अशी शाळा हा एकटेपणावरचाही उपाय आहे. किराण्याचं दुकान बसच्या टप्प्यात असलं तरी भागतं.

'लंडनबाहेर स्वस्त नाही का?'

घर मोठं मिळतं. स्लाउ, वॉटफर्ड, रेडिंग, मिल्टन कीन्स इथून जलद गाड्याही आहेत. रेडिंगहून पॅडिंग्टन अर्ध्या तासाच्या आत. पण रेल्वेचा वर्षाचा पास हजारो पौंडांत जातो, आणि लंडनमधल्या मुलांना मिळणारा फुकट बसप्रवास तिथे तसाच मिळत नाही. आठवड्यातून एक-दोन दिवसच ऑफिस असेल किंवा नोकरीच त्या बाजूला असेल, तर जरूर पाहा.

घर पाहायला गेल्यावर

'टेरेस्ड हाउस'ला गच्ची नसते. रांगेतलं, भिंतीला भिंत लागलेलं घर असा त्याचा अर्थ. 'टू-बेड' म्हणजे आपला टू बीएचके, पण न्हाणीघर बहुधा एकच. खोल्यांची मापं जाहिरातीतल्या आराखड्यात असतात, ती टेपने जमिनीवर मांडून बघा.

बाहेरच्या भिंतीचे कोपरे आणि कपाटामागची जागा हात लावून पाहा: ओल आणि काळी बुरशी तिथे आधी धरते. खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का, कपडे कुठे वाळवणार, हे विचारा. हाउन्सलो किंवा साउथॉलकडे घर असेल तर विमानांचा आवाज तपासायला सकाळी एकदा आणि दुपारी तीननंतर एकदा जा. पश्चिमेचा वारा असताना हीथ्रो तीन वाजता उतरण्याची धावपट्टी बदलतं, म्हणून एकाच वेळी गेलात तर घर शांत वाटू शकतं. गाडी घेणार असाल तर रस्त्यावर परवाना लागतो का ते पाहा. प्रदूषणशुल्काचं क्षेत्र ऑगस्ट 2023 पासून सगळ्या बरोंत आहे. जुन्या डिझेल गाडीला वापराच्या दिवशी 12.50 पौंड पडतात.

करार झाला की त्याच दिवशी त्याची प्रत जोडून शाळेचा अर्ज पाठवा, मग कौन्सिल टॅक्सची नोंदणी, मग जवळच्या जीपी (फॅमिली डॉक्टर) दवाखान्यात नाव. मुलांच्या लसीकरणाची पुस्तिका आणि मागच्या शाळेची प्रगतिपुस्तकं सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. पहिल्याच आठवड्यात दोन्ही लागतात.